बोगदा येण्याआधी भेगा लिंपू नका

वाचकाचे पत्र : आमचे गाव कागवाड तालुक्यात आहे. धाकटे दीर वीस वर्षांपासून कोलकात्यात गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा करतात. शहराच्या मध्यवस्तीतील एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर त्यांची भाड्याची भट्टी असून वरच्या मजल्यावर राहण्याची खोली आहे. गेल्या महिन्यात काही माणसे आली आणि गल्लीखालून मेट्रोचा बोगदा जाणार असल्याचे सांगून गेली. त्यांना घराचे फोटो काढायचे आहेत, भिंतीत खिळे बसवायचे आहेत आणि त्यासाठी सही हवी आहे. मालक म्हणतात, सही करू नका आणि आधी भेगा लिंपून घ्या, म्हणजे घर मजबूत दिसेल. २०१९ मध्ये मेट्रोच्या बोगद्यामुळे तिथल्याच बऊबाजारात घरे पडली ती दिरांच्या ओळखीच्या कारागिरांनी पाहिली आहेत, त्यामुळे घरात सगळे धास्तावले आहेत. शेजारची खोली स्वस्तात विकायला निघाली आहे. उसाच्या बिलाचे पैसे तिच्यात घालावेत काय? की दिरांनी धंदा गुंडाळून गावी यावे? आमचे गावचे घरही काळ्या रानात असल्याने दर उन्हाळ्यात भेगाळते. मग भेग बोगद्याची की घराची, हे ओळखायचे कसे?

उत्तर : ताई, ज्या गोष्टींना उशीर करून चालणार नाही त्या आधी सांगतो. पाहणीला संमती द्यावी, भेगा लिंपू नयेत आणि शेजारच्या खोलीचा विसार आत्ता देऊ नये. सही करण्यापूर्वी कागद मात्र नीट वाचून घ्यावा. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला दुसऱ्या लिपीतील कागद जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही न करण्याची सवय असतेच, तीच इथे कामी येईल. कागद केवळ पाहणीच्या आणि मोजणीच्या परवानगीचा असेल तर सही करण्यात काही धोका नाही. भरपाईची रक्कम मान्य असल्याचे किंवा पुढे तक्रार करणार नसल्याचे एखादे वाक्य त्यात असेल तर ते खोडल्याशिवाय सही करू नये.

मालकांचा सल्ला घर विकायचे असेल तेव्हा कदाचित ठीक असेल, परंतु इथे तो तुमच्याच अंगावर येईल. बोगदा जाण्यापूर्वी घर कसे होते हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे ही पाहणी. नवे प्लास्टर वाळताना स्वतःहूनच बारीक तडकते. भेगा लिंपल्या तर पाहणी करणारा ‘नुकतेच प्लास्टर केलेले, आतील स्थिती दिसत नाही’ असे लिहून जाईल आणि पुढे खरी भेग उमटली तरी ती जुनी की नवी यावर नुसता वाद होईल. ज्याला तुम्ही खिळे म्हणता ती मोजणीची ठाम ठिकाणे असतात. दुर्बिणीसारख्या लेव्हल यंत्राने त्यांची उंची मिलिमीटरच्या अंशापर्यंत वाचता येते आणि त्यांनी भिंत कमजोर होत नाही. दिरांनी पाहणीच्या वेळी स्वतः सोबत फिरावे, प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो घ्यावा आणि अहवालाची सही-शिक्क्यासह प्रत मागून घ्यावी.

आता जमीन खचते कशी ते पाहू, कारण भीती बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीची असते. बोगद्यातून जाणाऱ्या गाडीच्या वजनाने घर खचेल असे लोकांना वाटते. वास्तविक जेवढी माती काढली जाते तिच्या मानाने गाडी आणि बोगदा मिळून हलकेच असतात. कारण आहे ते मातीच्या हिशेबातील तुटीचे. कृष्णाकाठी गाळाच्या रानात सिमेंटच्या कड्या उतरवून विहीर घेताना आपण पाहिले असेल, की कडीच्या मापाने जेवढी माती निघायला हवी त्यापेक्षा उपसा जास्त निघू लागला, तर ती जास्तीची माती कडीबाहेरून आत आलेली असते आणि थोड्याच दिवसांत काठावरचे झाड कलते. बोगद्याचे तेच आहे, फक्त विहीर आडवी आहे.

असा बोगदा शील्डने खणतात. शील्ड म्हणजे जमिनीत आडवे घातलेले पोलादाचे प्रचंड नळकांडे. त्याच्या आश्रयाने पुढे खणायचे आणि मागे लगेच पक्के अस्तर बांधायचे, ही कल्पना अभियंते मार्क ब्रुनेल यांनी १८१८ मध्ये पेटंट करून घेतली आणि लंडनमध्ये थेम्स नदीखाली १८२५ ते १८४३ या काळात पहिल्यांदा वापरली. अठरा वर्षांत नदी त्या बोगद्यात अनेकदा शिरली. आजच्या यंत्रात पुढे फिरणारे चक्र माती कापते, कापलेली माती चक्रामागच्या बंद कप्प्यात दाबून ठेवली जाते आणि तिथून ती एका मोठ्या स्क्रूने मोजून बाहेर काढली जाते. त्या कप्प्यातील दाब समोरच्या मातीच्या आणि पाण्याच्या दाबाइतका राहिला पाहिजे. कमी पडला तर वरची जमीन बसते, फार वाढला तर ती फुगते. नळकांड्याच्या आत काँक्रीटचे तुकडे जोडून एकेक कडी उभी केली जाते आणि तिलाच जॅकने रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. कडी नळकांड्याच्या आत बांधलेली असल्यामुळे यंत्राची शेपटी पुढे गेली की कडीभोवती दहा-पंधरा सेंटिमीटरची पोकळी उघडी पडते. तिच्यात त्याच क्षणी दाबाने ग्राउट, म्हणजे घट्ट होणारे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरावे लागते. बऱ्याच यंत्रांत दोन द्रावणे एकत्र येऊन काही सेकंदांत घट्ट होतात, अशी व्यवस्था असते. मऊ मातीत खचण्याचा मोठा वाटा याच पोकळीतून येतो, म्हणून जाणकार माणूस यंत्राचा वेग विचारत नाही. किती माती काढली आणि किती ग्राउट भरले, हे विचारतो.

थोडे आकडे देतो. बोगद्याचा खोदलेला व्यास साडेसहा मीटर धरला तर दर मीटरला सुमारे ३३ घनमीटर माती निघते. त्यात एक टक्का तूट आली, म्हणजे ३३० लिटर माती जास्तीची निघाली. दोनशे लिटरची दोन पिंपेही तिने भरणार नाहीत. बोगद्याचा मध्य १८ मीटर खोल असेल आणि माती चिकण असेल, तर एवढ्या तुटीने बोगद्याच्या बरोबर वर जमीन साधारण १५ मिलिमीटर बसते. हे बसणे खड्ड्यासारखे नसते. मृदा अभियंते रॅल्फ पेक यांनी १९६९ मध्ये अनेक बोगद्यांवरील मोजण्या एकत्र करून दाखवले, की खचलेल्या जमिनीचा छेद उलट्या ठेवलेल्या घंटेसारखा दिसतो आणि तो दोन्ही बाजूंना हळूहळू उथळ होत जातो. वरच्या उदाहरणात तो दोन्हीकडे वीस-पंचवीस मीटरपर्यंत पसरेल आणि त्याचा सर्वांत तीव्र उतार हजारात एक एवढाच असेल. तूट तीन टक्क्यांवर गेली तर बसणे ४४ मिलिमीटरवर जाते आणि उतार सुमारे ३४० मध्ये एक होतो. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की बसणे १० मिलिमीटरच्या आत आणि उतार पाचशेत एकापेक्षा कमी असेल तर नुकसानीची शक्यता नगण्य. बसणे त्याहून अधिक, पण ५० मिलिमीटरच्या आत असेल, तर वरवरचे नुकसान संभवते आणि घरावर लक्ष ठेवावे लागते.

यातून एक गोष्ट निघते, जी गल्लीतील लोकांच्या अंदाजाच्या उलट आहे. बोगद्याच्या अगदी डोक्यावर असलेले लहान घर बरेचसे सरळ खाली बसते. थोडे बाजूला असलेले, ज्याचा एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी खचतो, ते घर जास्त सोसते. घराला खचण्यापेक्षा वाकण्याचा त्रास असतो. म्हणून ‘बोगदा आमच्या खालून नाही, शेजारच्या गल्लीखालून आहे’ यात समाधान मानू नये. बोगद्याची मध्यरेषा आपल्या भिंतीपासून किती मीटरवर आहे, हा प्रश्न दिरांनी लेखी विचारावा. आणखी एक : तेवढीच तूट वाळूत आली तर छेद अरुंद आणि खोल होतो. त्याच खोलीवर, त्याच एक टक्क्याला, बसणे पंचवीस मिलिमीटरच्या जवळ आणि उतार साडेतीनशेत एकाच्या आसपास जातो, म्हणजे वाळूवरच्या घराला तीच चूक महाग पडते.

कोलकात्याची जमीन गंगेच्या गाळाने घडलेली आहे. वर काही मीटर बऱ्यापैकी घट्ट थर, त्याखाली कुजलेल्या लाकडाचे अंश असलेली मऊ करडी चिकणमाती, आणखी खाली घट्ट माती व वाळूमिश्रित थर, आणि पाणी जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेले. याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली मेट्रो धावली, पण तिचा बहुतेक मार्ग रस्ता वरून उघडून, भिंती घालून, पुन्हा झाकून बांधला होता. शील्ड वापरली ती केवळ श्यामबाजार ते बेलगाछिया या तुकड्यात, आणि तीसुद्धा बोगद्यात दाबाची हवा भरून, म्हणजे पाणी बाहेर राहील. आपल्या ऊसपट्ट्यात पाणी शोधायला बोअर मारतात. तिथे पाण्याला आत येऊ न देणे हेच निम्मे काम आहे.

बऊबाजाराचे तेच झाले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या सुमारास ‘चंडी’ नावाचे यंत्र पाणी धरून असलेल्या वाळूमिश्र थरात गेले, पाणी यंत्रातून बोगद्यात येऊ लागले आणि येताना बारीक माती सोबत घेऊन आले. वर सांगितलेली एक-दोन टक्क्यांची तूट ही वेगळी गोष्ट आणि वाहत्या पाण्याने माती धुऊन जाणे ही अगदी वेगळी. पहिली मोजता येते आणि आधी सांगता येते. दुसरीला पाणी थांबेपर्यंत शेवट नसतो. दुर्गा पिथुरी लेन आणि स्याकरा पाडा लेन या सोनारांच्या वस्तीतील घरे त्यात गेली आणि शेकडो माणसांना रातोरात बाहेर पडावे लागले. प्रवाह अडवण्यासाठी शेवटी बोगद्यात भिंत घालून आत पाणीच भरावे लागले, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होईल. एवढे सांगण्याचे कारण असे, की २०२२ च्या मे आणि ऑक्टोबर महिन्यांत तिथे पुन्हा घरांना भेगा गेल्या तेव्हा यंत्र निघून गेलेले होते. उरलेले भूमिगत काम चालू असताना पुन्हा पाणी शिरले. तो एस्प्लनेड ते सियालदह टप्पा २२ ऑगस्ट २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. तेव्हा दिरांनी दोन तारखा विचाराव्यात : यंत्र आपल्या घराजवळून कधी जाणार, आणि दोन समांतर बोगद्यांना जोडणारा आडवा बोगदा जवळपास असल्यास तो कधी खणणार. तो शील्डविना खणतात, आणि पाणथळ जमिनीत मला धास्ती वाटते ती त्याचीच.

चिकणमातीचा आणखी एक स्वभाव आहे. दही फडक्यात टांगले की पाणी निथळत जाते आणि चक्का आकसतो. यंत्राने चाळवलेली चिकणमातीही तशीच आतले पाणी सोडत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, थोडी थोडी बसत राहते. अस्तरातून गळती असेल तर हे आणखी लांबते. म्हणून यंत्र गेल्यानंतर पंधरवड्यात दुरुस्ती करून देण्याची घाई कुणी केली तर ती स्वीकारू नये. मोजणीचे आकडे स्थिर झाल्याचे पाहून मगच गवंडी बोलवावा.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण त्याचे अर्धे उत्तर आपल्याजवळच आहे. काळ्या मातीतली भेग चैत्र-वैशाखात उघडते आणि पाऊस पडल्यावर बरीचशी मिटते. बोगद्याची भेग ऋतू ओळखत नाही. यंत्र जवळ येण्याच्या आणि जाण्याच्या दिवसांशी तिची वेळ जुळते, एकाच आठवड्यात गल्लीतील दोन-चार घरांत तिच्या बहिणी दिसतात, आणि ती आपसूक मिटत नाही. आकारही थोडे सांगतो : उताराच्या बाहेरच्या कडेवरील घर मधोमध वर उचलल्यासारखे वाकते, तेव्हा भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते, बोगद्यावरच्या मध्यभागातील घर खाली झोळ पडल्यासारखे वाकते, तेव्हा उलट. दिरांनी आजच प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि भेगेवर दोन-तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवाव्यात. भिंत हलली की काच तडकते. कागदाची पट्टी फसवते, काच फसवत नाही. रुंदीचे माप साधे आहे : एक मिलिमीटरपर्यंतच्या भेगा रंगकामात झाकल्या जातात, पाच मिलिमीटरपर्यंत भराव आणि नवा रंग लागतो, दारे थोडी अडकू लागतात, पाच ते पंधराला भेगेच्या कडा फोडून गवंडीकाम करावे लागते, पंधराच्या पुढे तुळयांचे टेकू आणि भिंतीचा तोल पाहण्यासाठी अभियंता हवा. लंडनमध्ये मृदा अभियंते जॉन बर्लंड यांनी ही वर्गवारी रूढ केली. तिथल्या बिग बेनच्या मनोऱ्याखालील जमिनीत १९९० च्या दशकात ग्राउट दाबून त्याचा कल आवरला गेला, तेव्हा सल्लागारांत तेही होते.

धंदा गुंडाळून येण्याची गरज मला दिसत नाही, पण भट्टीचा विचार वेगळा करावा लागेल. दिवसाला आठ-दहा मीटर सरकणारे यंत्र असेल तर त्याचा प्रभाव घराच्या आधी पंचवीस आणि नंतर पंचवीस मीटर धरून सहा-सात दिवसांत ओलांडून जातो. तेवढे दिवस भट्टी पेटवू नये, मूस आणि वितळलेला माल आत ठेवू नये, नायट्रिक ॲसिडचे कॅन आणि गॅसच्या टाक्या दुसरीकडे हलवाव्यात. घर दोन मिलिमीटर हलल्याने पडणार नाही, पण ॲसिडचा कॅन उंच फळीवरून कलंडला तर माणूस भाजेल. तिजोरी भिंतीलगत तळमजल्यावरच राहू द्यावी. जुन्या इमारतीची गळकी मोरी आणि नळ त्याआधी दुरुस्त करून घ्यावेत, कारण जमीन किंचित हलली की सांधे निखळतात आणि झिरपणारे पाणी पायाखालची माती नेते. रात्री फोन करायचा क्रमांक कोणता, आणि घर तात्पुरते रिकामे करायला सांगितले तर राहण्याची सोय कुठे, हे लेखी मागावे. यंत्र घराखाली थांबले, कारण काहीही असो, तर त्या काळात मोजणी दिवसातून किती वेळा होणार हेही विचारावे. चालत्या यंत्रापेक्षा थांबलेल्या यंत्रासमोर दाब टिकवणे अवघड असते. भाडेकरूचे म्हणणे मालकापेक्षा कमी ऐकले जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून भाडेपावत्या, वीजबिले, धंद्याचा परवाना आणि मालाची नोंदवही यांच्या प्रती गावी आपल्याकडे मागवून ठेवाव्यात.

शेजारच्या खोलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती स्वस्त आहे कारण विकणाऱ्याला तुमच्याइतकेच भय आहे आणि तो ते तुमच्या गळ्यात घालू पाहतो आहे. बोगदा गेल्यावर मोजण्यांचे आकडे निदान सहा महिने स्थिर दिसले, तर मग त्या आकड्यांची प्रत हाती घेऊन सौदा करावा. किंमत थोडी चढलेली असेल, ती चढ द्यावी. तोवर उसाचे बिल बँकेत राहू द्यावे.

राहिले गावचे घर. त्याला बोगद्याचा विचार नको. न्हाणीचे आणि पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरते आहे काय ते पाहावे, भिंतीभोवती तीन-चार फूट रुंद फरशीचा उतार करावा, आणि काचेची एक पट्टी तिथेही लावून ठेवावी. आषाढात ती सुटून पडली, तर मला कळवा.